साचा कोणी थांबवायचा?

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते तेव्हाची एक गोष्ट लँकेशायरमध्ये सांगतात. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली, कापसाची जहाजे येईनाशी झाली आणि तिकडच्या गिरण्यांची धुराडी थंड पडली. गावोगावच्या प्रार्थनामंदिरांतून देवाची करुणा भाकली जाऊ लागली. अशाच एका सभेत धर्मोपदेशक म्हणाला, देवा, आम्हांला कापूस पाठव. तोच मागल्या बाकावरून एका गिरणीकामगाराने मोठ्याने पुरवणी जोडली : पाठव देवा, पण सुरतेचा नको !

गोष्ट घडलेली असो वा कोणी रचलेली असो, तिच्यातला राग खरा होता. सुरतेचा म्हणजे आपला. खानदेश-वऱ्हाडचा, गुजराथचा, धारवाडचा, सारा कापूस त्या लोकांच्या तोंडी ‘सुरत’ याच एका नावाने होता. मग तो मुंबईच्या बंदरातून का लादलेला असेना. आपल्या काळ्या मातीतल्या पिकाला उपाशी माणसांनीही नको म्हणावे, हे वाचून आपल्याला प्रथम वाईट वाटते. पण त्या मागल्या बाकावरच्या माणसाची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण पुढे साठ-सत्तर वर्षांनी परळ-लालबागच्या माणसांनी जे गाऱ्हाणे मांडले ते जवळजवळ त्याचेच होते.

कापसाचा धागा काढण्याच्या यंत्रात रुळांच्या जोड्या असतात. मागच्या जोडीपेक्षा पुढची जोडी अधिक वेगाने फिरते आणि त्या ओढीने पेळू लांब व बारीक होत जातो. या दोन जोड्यांमधले अंतर कापसाच्या तंतूची लांबी पाहून बसवावे लागते. लँकेशायरची यंत्रे अमेरिकन कापसाला बसवलेली होती. आपला तंतू त्याहून आखूड. तो मधल्यामध्ये सुटे, धागा तुटे, तो पुन्हा सांधावा लागे; सांधेपर्यंत चाती रिकामी फिरे. मजुरी उक्ती, म्हणजे निघालेल्या मालावर. तेव्हा यंत्र तेच, तास तेच, घाम अधिक आणि शनिवारी हातात पडणारे पैसे मात्र कमी. तिकडच्या कारखाना-निरीक्षकांच्या त्या वर्षांतल्या अहवालांत या तक्रारी नमूद आहेत.

त्यात आपल्या व्यापाऱ्यांनी भर घातली. कापसाचे भाव आभाळाला भिडले तसे गाठींत सरकी, वाळू, दगड आणि खारे पाणी यांचे वजनही वाढू लागले. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदाच करावा लागला. वजनावर पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस वजन वाढवतो. त्याला कापसाशी कर्तव्य उरत नाही. हे सूत्र पुढे बरेच उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ढाक्याची जी मलमल जगाने डोक्यावर घेतली तिचा कापूसही आखूड तंतूचाच होता. यंत्राला जो धागा झेपला नाही तो तिथल्या बायकांच्या बोटांना झेपत असे. धागा ओढता ओढता तो आता तुटणार हे बोटाला कळते आणि बोट तुटण्याच्या आत थांबते. यंत्राला ते कळत नव्हते. यंत्राच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळत होते; पण थांबायचे की नाही, हे आता त्याच्या हाती राहिले नव्हते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी उभारली आणि ताडदेवला १८५६ साली तिचे काम सुरू झाले. पुढल्या चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. या गिरण्या मुख्यतः सूत काढीत, तेही जाडेभरडे, वीस नंबरी आणि त्याखालचे. आणि ते मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताने लँकेशायरच्या सुताला मागे सारले, हा पराक्रम लहान नव्हता. पण ही धावपळ ज्या हिशेबावर चालली होती तो हिशेब पाहण्यासारखा आहे.

गिरणी भागधारकांची असे, पण ती चालवीत मॅनेजिंग एजंट. एजंटाला मोबदला कशाचा? बऱ्याचशा जुन्या गिरण्यांत तो नफ्यावर नसे, निघालेल्या मालावर असे : दर रत्तलामागे पाव आणा. समजा, एखाद्या गिरणीने वर्षाला दहा लाख रत्तल सूत काढले, तर एजंटाच्या खिशात पंधरा हजार सहाशे पंचवीस रुपये पडले. सूत चांगले निघो वा वाईट, विकले जावो वा वखारीत कुजो, भागधारकांना लाभांश मिळो वा न मिळो. गिरणी बुडत असतानाही एजंटाचा पाव आणा तरंगत राही.

आता रत्तल वाढवायचे मार्ग पाहा. सुताचा नंबर म्हणजे एका रत्तलात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस लडी बसल्या तर वीस नंबर. यात एक गंमत आहे. वीस नंबरी म्हणून विकायचे सूत थोडे जाड, एकोणीस नंबराकडे झुकलेले काढले, तर तेवढ्याच वारांना वजन जास्त भरते. दुसरा मार्ग पिळाचा. चात्यांची गती ठरलेली. तेव्हा दर इंची पीळ जितका कमी द्यावा तितका रूळ अधिक लांबीचा धागा सोडतो. पीळ चोरला की उत्पादन वाढते, आणि धागा कच्चा राहतो. तिसरा मार्ग कापसाच्या मिश्रणाचा, हलकी रुई आणि टाकाऊ कापूस त्यात ढकलण्याचा. चौथा मार्ग तासांचा. वीज आली तशी गिरण्या दिवे लावून चालू लागल्या आणि १९०५ च्या तेजीत कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. चौदाव्या तासाला माणसाची नजर कोणत्या नंबराची असते, याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. सर्व गिरणीवाले असेच होते असे मला म्हणायचे नाही. पण जो असे करी त्याला त्याची व्यवस्था बक्षीस देई आणि जो करीत नसे त्याला दंड.

याला अपवाद म्हणून जमशेटजी टाटांचे नाव घ्यावे लागते. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तो हा दिवस, म्हणून ते नाव. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी. पण नागपूरची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत धागा कटाकटा तुटतो. टाटांनी हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवली. यंत्रांवरचा हा खर्च रत्तलांच्या हिशेबात कुठेच धरता येत नाही. न तुटलेले धागे कोण मोजणार?

त्याच गिरणीत १८८३ च्या सुमारास ‘रिंग’ चात्यांचा प्रयोग झाला. हा बदल नीट समजून घेतला पाहिजे, कारण गती आणि गुण यांची ओढाताण त्यात उघडी दिसते. त्यापूर्वी सूतकताईचे मोठे यंत्र म्हणजे ‘म्यूल’. त्याचा चात्यांनी भरलेला गाडा रुळांपासून पाचेक फूट मागे सरकतो, सरकता सरकता धागा ओढतो आणि पिळतो. मग थांबतो, आणि परत येताना काढलेला धागा गुंडाळतो. जणू हाताने कातणारी बाईच. ओढले, थांबले, गुंडाळले. यामुळे धाग्यावर ताण कमी पडतो, सूत मऊ आणि बारीक निघते. पण यंत्राचा बराच वेळ परतण्यात जातो आणि ते चालवायला तयारीचा माणूस लागतो. रिंगमध्ये हे थांबणेच नाही. चातीभोवती पोलादी कडे, कड्यावर तारेचा एवढासा आकडा गरगर फिरतो. पीळ आणि गुंडाळणे एकाच वेळी, अखंड. उत्पादन भरपूर, आणि कामाला नवखे हात चालतात. मात्र धाग्यावर ताण सतत. म्हणून त्याला पीळ जास्त द्यावा लागतो, सूत कडक येते, आणि कापूस आखूड असला तर तुटी वाढतात.

लँकेशायरने बारीक सुतासाठी म्यूल धरून ठेवला आणि पुढे कितीतरी वर्षे सोडला नाही. त्यांना पुष्कळांनी जुनाट म्हणून नावे ठेवली आहेत. मला ती टीका अर्धीच पटते. ज्यांच्यापाशी दोन-तीन पिढ्यांचे तयार कातणारे होते आणि ज्यांचे गिऱ्हाईक मऊ बारीक सूत मागत होते, त्यांनी ते यंत्र का मोडावे? आपल्याला जाड सूत हवे होते आणि हात नवखे होते, तेव्हा आपल्याला रिंग सोयीचा. गिरणगावात या खात्याला ‘त्रासन’ म्हणत. मूळ इंग्रजी शब्द ‘थ्रॉसल’, रिंगच्या आधीचे एक कताईयंत्र. यंत्र गेले, नाव राहिले; आणि मराठी जिभेने त्या नावात त्रास घातला, तो काही उगीच नसावा.

टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. जुनी, मोडकळीला आलेली यंत्रे. आणि त्यांवर बारीक सूत काढण्याची ईर्षा. हे प्रकरण त्यांना फार जड गेले, गिरणी सावरायला घरचा पैसा घालावा लागला. पण त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट केली, ती मला रिंगपेक्षाही मोठी वाटते. एजंट म्हणून आपला मोबदला त्यांनी मालाच्या वजनावर न घेता नफ्यावर घेतला. पाव आण्याचा रत्तल तुटला. यंत्राला एक चाकही न जोडता गिरणीतल्या सर्वांत वरच्या माणसाचे हित चांगल्या सुताशी बांधले गेले. इतर गिरण्यांनी हा कित्ता गिरवायला बराच वेळ घेतला.

इकडे हे चालले असताना जपानने तोच रिंग उचलला, आणि आपलाच कापूस उचलला. १८९३ साली टाटा आणि एक जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे अशी कापसाची जहाजे सुरू केली. जपान्यांनी मात्र एक सावधपणा केला. नुसत्या हिंदी कापसावर रिंग पळवण्याऐवजी त्यांनी त्यात लांब तंतूचा अमेरिकन कापूस बेताने मिसळला. रुई महाग पडली, पण तुटी कमी झाल्या. आणि नवख्या मुलींच्या हाती यंत्र वेगात चालू लागले. पाहता पाहता चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हटले. १८९६ च्या प्लेगला, चांदीच्या भावाला आणि चिनी आकाशातल्या ग्रहांना आपण त्याचा दोष दिला. त्यातला काही बरोबरही होता. पण एका गाठीत कोणता कापूस किती घालायचा, या साध्या प्रश्नाचे उत्तर ओसाकाच्या गिरणीत अधिक काळजीने शोधले गेले, हे नाकारता येत नाही.

सूत सोडून मुंबई कापडाकडे वळली, आणि प्रश्न कताईखात्यातून साचेखात्यात आला. साचा म्हणजे यंत्राचा माग. त्यावरचा माणूस साचेवाला. माझे आजोबा साचेवाले होते आणि माझा मामाही. आजोबा मी पाहिले ते थकलेले, ऐकू न येणारे. साचेखात्यातल्या माणसाचे कान आधी जातात. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रंकेत एक कापडाचा तुकडा होता, मांजरपाटासारखा. आजी त्याला ‘बाद कापड’ म्हणे. लहानपणी मला त्याचा सदरा शिवला होता; त्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत एक उभी विरळ रेघ होती, उजेडाकडे धरली की फट दिसे. तिचा अर्थ मामाने मला फार पुढे सांगितला.

साध्या साच्यावर ताण्याचे उभे धागे दीड-दोन हजार असतात आणि धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या घालतो. एका इंचात पन्नास आडवे धागे धरले तर मिनिटाला चार इंच कापड पुढे सरकते. बाण्याचा आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली, तर साचा आपोआप थांबतो. धोट्याच्या वाटेवर एक लहान काटा असतो; त्याला धागा लागला नाही की तो खटका पाडतो. ही युक्ती विलायतेत १८४० च्या सुमाराची. परंतु ताण्याचा उभा धागा तुटला तर साच्याला पत्ता नसतो. तो तसाच धडधडत राहतो आणि त्या धाग्याच्या जागी कापडात फट पडत जाते. ती दिसायची साचेवाल्याच्या डोळ्याला. त्याने पाहिले, दांडी ओढून साचा थांबवला, धागा सांधला, पुन्हा चालू केला. दहा मिनिटे त्याचे लक्ष गेले नाही तर चाळीस इंच कापड बाद, म्हणजे वाराहून चार बोटे अधिक.

आता हिशेब करा. मजुरी विणलेल्या कापडावर. साचा थांबला की मजुरी थांबली. रुई हलकी, सूत कच्चे, खळ पातळ. धागे सारखे तुटतात. प्रत्येक धाग्याला थांबावे तर पोट भरत नाही. न थांबावे तर घडीखात्यात कापड उलगडले जाते, फट दिसते, आणि ते बाद कापड साचेवाल्याच्या अंगावर टाकून त्याची किंमत पगारातून कापली जाते. मुंबईच्या गिरण्यांत ही रीत सर्रास होती. मग त्याने ते बाजारात मिळेल त्या भावाला विकावे, नाहीतर घरी पोरांना सदरे शिवावेत. सूत कताईखात्याने बिघडवले, कताईखाते बिघडले कापूस घेणाऱ्यामुळे. पण फट पडली साचेवाल्याच्या साच्यावर, म्हणून दोष त्याच्या नावावर. आजोबांच्या ट्रंकेतला तुकडा हा असा पगार म्हणून घरी आलेला होता.

गिरणीमालकांचीही बाजू होती. बाद कापड कोणीतरी सोसायचेच. आणि काही साचेवाले खरोखरच हयगय करीत. जपानचे स्वस्त कापड बंदरात उतरत होते आणि खर्च कमी करणे भाग होते. १९२७-२८ च्या सुमारास काही गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’ची योजना काढली : कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू, विणाईत दोन साच्यांऐवजी तीन. मालकांचे म्हणणे असे की लँकेशायरचा माणूस चार साचे चालवतो, मुंबईच्याने तीन चालवायला काय हरकत? आकडा खरा होता. पण लँकेशायरच्या त्या चार साच्यांवर कोणते सूत असते, किती धागे तुटतात, हे आकड्यात लिहिलेले नसते. साचे वाढले, डोळे तेवढेच राहिले. तुटी निम्म्यावर आल्या तर चार साचेही एका नजरेत बसतील. तुटी तशाच असतील तर तिसरा साचा म्हणजे आणखी एक फट.

हे कामगारांना कोणा पुढाऱ्याने शिकवावे लागले नाही. १९२८ च्या एप्रिलमध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाख माणसे सहा महिने बाहेर होती. त्याच संपात, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, जोगळेकर, निंबकर, ना. म. जोशी ही नावे तेव्हा घरोघरी गेली. संपाची कारणे अनेक होती, पगारकपात त्यांत मोठी. ती सारी येथे सांगत नाही. आजोबा त्या सहा महिन्यांत कोकणात जाऊन नांगर धरून आले. संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९२९ साली तिचा अहवाल आला. समितीने जास्त साच्यांची योजना तत्त्वतः योग्य ठरवली, मात्र काही अटी घालून. अटी वाचल्या की वाटते, निम्मे भांडण कागदावर तरी मिटले होते. कारखान्यात ते मिटले नाही, आणि १९२९ मध्ये पुन्हा संप झाला. दंड आणि नुकसानभरपाईला लगाम लागला तो १९३६ च्या मजुरी-वाटप कायद्याने : दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नको, आणि नुकसान कापायचे तर आधी कामगाराचे म्हणणे ऐकायचे.

साच्यालाच डोळा फुटावा, असे दुसरीकडे काहींना सुचले होते. अमेरिकेत नॉर्थ्रप नावाच्या कारागिराचा स्वयंचलित साचा १८९४ पासून विकला जाऊ लागला. त्यात रिकाम्या कांडीच्या जागी भरलेली कांडी आपोआप बसे. म्हणजे माणसाला साच्याजवळ उभे राहण्याचे कारण उरले नाही. पण मग उभा धागा तुटला तर पाहणार कोण? म्हणून त्याच साच्याला दुसरी युक्ती जोडावी लागली. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पत्री लटकवली. धागा ताठ आहे तोवर पत्री वर. तुटला की खाली पडते, हलत्या पट्टीच्या आड येते आणि साचा जागच्या जागी थांबतो. दीड-दोन हजार धाग्यांना दीड-दोन हजार पहारेकरी, तेही बिनपगारी.

जपानमध्ये साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने आयुष्य याच नादात घालवले. लाकडी हातमागापासून सुरुवात करून १९२४ साली त्याने जो साचा पुरा केला तो न थांबता धोटा बदलत असे, आणि धागा तुटताच थांबत असे. जेथे काही बिघडले नाही तेथे थांबायचे नाही, जेथे बिघडले तेथे एक क्षणही पुढे जायचे नाही, अशी ही जोडणी होती. १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी, म्हणजे साऱ्या जगाला कापडयंत्रे विकणाऱ्या कंपनीने, या साच्याचे हक्क घेण्याचा एक लाख पौंडांचा करार केला. शिष्याने गुरूला शिकवावे तसा प्रकार. टोयोडा घराण्याने पुढे मोटारी काढल्या, आणि त्या कारखान्यांतही चूक दिसताच साध्या कामगाराने सगळी रांग थांबवावी अशी मुभा ठेवली. जगातल्या कारखानदारांना याचे फार नवल वाटले. गोऱ्या प्राध्यापकांनी त्यावर ग्रंथ लिहिले. त्या मुभेचे मूळ एका पडणाऱ्या पत्रीत आहे.

मुंबईने हे साचे का घेतले नाहीत? मजुरी स्वस्त आणि साचा महाग, हे सरळ उत्तर. दुसरे उत्तर असे की स्वयंचलित साच्याला सूत बळकट लागते. कच्च्या सुतावर पत्र्या सारख्या पडत राहतील आणि साचा दिवसभर थांबूनच राहील. आपला दोष झाकून ठेवणारा साचा स्वस्त होता. तो चव्हाट्यावर मांडणारा परवडणारा नव्हता.

पण नुसती पत्री बसवून भागत नाही, हेही आपल्याकडेच सिद्ध झाले. मुंबईत नाही, अहमदाबादेत. तेथल्या कॅलिको मिल्सच्या ज्युबिली गिरणीत स्वयंचलित साचे बसवले गेले; तरी ना उत्पादन वाढले, ना कापड सुधारले. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या खात्याची पाहणी केली. दोनशेहून अधिक साचे, एकोणतीस माणसे, आणि कामांचे बारा प्रकार : कोणी फक्त धागे सांधणारा, कोणी फक्त कांड्या भरणारा, कोणी फक्त तेल घालणारा. एका साच्याशी कोणाचेही सबंध नाते नाही. पत्री पडून साचा थांबला, तर तो चालू करायला येणाऱ्याला दुसरीकडून बोलावणे. राइस यांनी सुचवले की लहान लहान तुकड्या करा, आणि प्रत्येक तुकडीला ठरावीक साचे सर्वस्वी सोपवा. कामगारांनी पहिल्या तुकड्या आपण होऊन जमवल्या. बसल्यावर घडी नीट बसली, तेव्हा साच्यांची कार्यक्षमता शेकडा ८० वरून ९५ वर गेली आणि कापडातली खराबी शेकडा ३२ वरून २० वर आली. दोन्ही आकडे एकाच वेळी, एकाच खात्यात. वेग वाढवला की गुण घसरतो आणि गुण राखावा तर वेग सोडावा लागतो, अशी तराजूची दोन पारडी कल्पून जे भांडत आले होते, त्यांनी हे आकडे दोनदा वाचले असतील.

शेकडा वीस खराबीही थोडी नव्हे, हे मला कबूल आहे.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मामा निवृत्त होऊन गावी राहत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्या दिवशी तो साच्यावरून उतरला तो पुन्हा चढला नाही. त्याची गिरणी उघडलीच नाही. त्याला मी मोठ्या उत्साहाने अहमदाबादची हकीकत सांगितली. तुकड्या, सोपवलेले साचे, पंच्याण्णव टक्के, सगळे सांगितले. तो सुपारी कातरीत ऐकत होता. त्याच्यापुरते चार गोष्टींचे उत्तर आले असे मला वाटले. कातरलेली सुपारी तळहातावर घेऊन त्याने विचारले,

“ते सगळं ठीक आहे रे. पण तिथं रुई कुठली होती?”